वय वाढतं तसे ईआर आणि मायटोकॉन्ड्रियाचे संपर्क वाढतात की तुटतात? कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काय दिसेल?

सुरंगी, रत्नागिरी

एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांचा प्रकल्प मार्गी लावायचा आहे. विषय त्यांनीच निवडलाय: पेशीतली अंगकं एकमेकांना जिथे खेटून असतात त्या जागा आणि म्हातारपण. वाचायला बसलो आणि दोन ठिकाणी अडलो.

पहिली अडचण अशी. २०१४ साली आलेल्या एका निबंधात लठ्ठ उंदरांच्या यकृतात आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे ईआर, आणि मायटोकॉन्ड्रिया यांचे संपर्क वाढलेले दाखवलेत. ते कमी केले की साखरेचं चयापचय सुधारतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात, तेही यकृतातच, संपर्क विस्कटले की पेशी इन्सुलिनला दाद देत नाही. पुढे २०२० मध्ये फळमाश्यांत कृत्रिम दुवा घालून संपर्क वाढवले तर माश्या जास्त जगल्या. २०२१ मध्ये उंदरांतून आयटीपीआर२ हे कॅल्शियमचं दार काढून टाकलं, संपर्क कमी झाले आणि उंदीर जास्त जगले. मुलं विचारतात, मॅडम, मग चांगलं काय? काय सांगू?

दुसरी अडचण साधनांची. आमच्याकडे निळ्या आणि हिरव्या फिल्टरचा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक आहे, शेकर इनक्युबेटर, ऑटोक्लेव्ह आणि १५,००० जीपर्यंतचं (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट) सेंट्रिफ्यूज आहे. कॉन्फोकल नाही, अल्ट्रासेंट्रिफ्यूज नाही. हातात जून ते सप्टेंबर. ईआरला हिरवा, मायटोकॉन्ड्रियाला लाल रंग देऊन जिथे पिवळं दिसेल तिथे संपर्क, असं मोजलं तर चालेल का?

खाडीकाठ, अलिबाग

सुरंगीताई, चारही निबंध एकाच वेळी खरे असू शकतात, आणि मुलांना आधी तेच सांगायला हवं. ‘संपर्क’ हा एक आकडा नाही.

धक्क्याला बांधलेली होडी डोळ्यांसमोर आणा. दोर फार आखूड बांधला तर ओहोटीला होडी लटकते. फार सैल सोडला तर ती लांब सरकते आणि माल चढवता येत नाही. नुसते दोर मोजून होडी ठीक आहे का ते कळत नाही. दोर किती लांब आहे, वेळेवर सुटतो का आणि त्या घडीला कुठला माल चढतोय, हे बघावं लागतं.

आता लांबी बघा. ईआर आणि मायटोकॉन्ड्रिया यांच्यातली फट साधारण १० ते ३० नॅनोमीटरची असते. ईआरमधून कॅल्शियम सोडणाऱ्या आयपी३ रिसेप्टरचा (तुमचं आयटीपीआर२ हा त्याचाच एक प्रकार) बाहेर आलेला भागच सुमारे १० नॅनोमीटर उंच आहे. फट त्याहून अरुंद झाली तर तो तिथे मावत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात संपर्क ‘वाढलेला आणि घट्ट’ दिसेल, पण कॅल्शियमचा रस्ता उलट बंद झालेला असेल. अशी अरुंद फट मेदरेणूंच्या देवाणघेवाणीला सोयीची. फॉस्फॅटिडिलसेरीन ईआरकडून मायटोकॉन्ड्रियात जातं आणि तिथे त्याचं फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमीन होतं. ही वाट जीन व्हान्स यांनी १९९० मध्ये उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रियाला चिकटलेली पटलं वेगळी काढून दाखवली, आणि या विषयाचा पाया तिथे पडला.

कॅल्शियमचं गणित मुलांकडून वहीत लिहून घ्या, कारण संपर्क का लागतो हे त्यातूनच कळतं. शांत पेशीच्या द्रवात मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असतं. मायटोकॉन्ड्रियाचं कॅल्शियम आत घेणारं दार, एमसीयू, इतक्या कमी प्रमाणाला उघडत नाही. त्याला मायक्रोमोलरच्या घरात लागतं. आयपी३ रिसेप्टर उघडला की त्याच्या तोंडाशी, त्या चिंचोळ्या फटीत, क्षणभर १० मायक्रोमोलर किंवा जास्त कॅल्शियम साठतं आणि एमसीयू ते ओढून घेतं. थोडं आत गेलं की पायरुव्हेट डिहायड्रोजनेज आणि क्रेब्स चक्रातली दोन एन्झाइमं जोर धरतात, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं. तेच दिवसरात्र ठिबकत राहिलं की ऑक्सिडीकरणाचा ताण चढतो, आतल्या पटलातलं मोठं छिद्र उघडतं, पटलाचा विद्युतभार ढासळतो आणि पेशी मरते किंवा विभाजन कायमचं थांबवून बसते. आयटीपीआर२ नसलेल्या उंदरांत हे ठिबकणं कमी झालं. त्याच निबंधात कृत्रिम दुव्याने संपर्क वाढवल्यावर पेशी अकाली म्हाताऱ्या झाल्या.

माशीतला दुवा वेगळा, ऊतक वेगळं, आणि एका प्राण्यातला दुसऱ्याला थेट लावता येत नाही. मुलांनी प्रत्येक निबंधापुढे चार रकाने करावेत: ऊतक कुठलं, फट किती नॅनोमीटर धरली, मोजलं कशाने आणि बदल किती काळ टिकला. निम्मा विरोध तिथेच मिटेल. यकृताच्या दोन निबंधांचं उदाहरण घ्या. एकात महिनोन्‌महिने जास्त खाऊन वाढलेले संपर्क आहेत, दुसऱ्यात दुव्याचा एक घटकच, सायक्लोफिलिन डी, काढून टाकलाय. दोर आखूड बांधणं आणि दोर कापणं, दोन्हीने माल चढत नाही.

मायटोफ्युसिन २ बद्दल एक सावधगिरी. २००८ च्या निबंधात ते दोन अंगकांना बांधणारं प्रथिन म्हणून आलं. पुढे २०१५ मध्ये ते काढल्यावर संपर्क वाढतात असंही दाखवलं गेलं. ‘मायटोफ्युसिन २ कमी, म्हणून संपर्क कमी’ हे वाक्य प्रबंधात आलं तर परीक्षक तिथेच पकडतील.

आणि पिवळा ठिपका मोजू नका. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. २० नॅनोमीटरची फट आणि १५० नॅनोमीटरची फट, दोन्ही पिवळ्याच. ईआर पेशीभर जाळ्यासारखी पसरलेली असते, म्हणून काही न होताही भरपूर पिवळं येतं. कॉन्फोकल आणलं तरी ही अडचण सुटत नाही.

बकुळ, मालवण

आजारांच्या बाजूचं थोडं लिहिते, कारण मुलं प्रस्तावनेत ‘अल्झायमर, पार्किन्सन इत्यादी’ असं एका दमात लिहून मोकळी होतात. प्रत्येकात बिघाड वेगळा आहे.

अल्झायमरच्या रुग्णांच्या त्वचापेशींत ईआर–मायटोकॉन्ड्रिया संपर्क वाढलेले सापडलेत. अमायलॉइड कापणाऱ्या यंत्रणेतली प्रेसेनिलिन ही प्रथिनं याच जागी दाटीने असतात. मोटर न्यूरॉनच्या आजाराचा एएलएस ८ हा प्रकार व्हीएपीबी प्रथिनातल्या एका बदलामुळे होतो: ५६व्या जागी प्रोलीनऐवजी सेरीन. २००४ मध्ये ब्राझीलच्या कुटुंबांत तो सापडला. व्हीएपीबी ईआरवर बसून मायटोकॉन्ड्रियावरच्या पीटीपीआयपी५१ चा हात धरतं. पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्युक्लिन व्हीएपीबीलाच चिकटून ही पकड सोडवतं. म्हणजे एका आजारात जास्त, दुसऱ्यात कमी.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मायटोकॉन्ड्रिया आणि लायसोसोम (पेशीतला कचरा पचवणारं अंगक) यांचा संपर्क, कारण तिथे दोष संख्येत नसून सुटण्यात आहे. २०१८ मध्ये दाखवलं गेलं की निरोगी पेशीत ही दोन अंगकं सरासरी मिनिटभर एकमेकांना धरतात आणि सोडतात. धरायला आरएबी७ हे प्रथिन लागतं, जीटीपी रेणू बांधलेल्या अवस्थेत. सोडायला मायटोकॉन्ड्रियावरचं फिस१ हे प्रथिन टीबीसी१डी१५ या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, ते आरएबी७ चं जीटीपी तोडतं आणि गाठ सुटते. जीबीए१ जनुकात दोष असलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांपासून बनवलेल्या चेतापेशींत टीबीसी१डी१५ कमी पडतं. संपर्क लांबतात, मायटोकॉन्ड्रिया अक्षतंतूत नीट पसरत नाहीत, एटीपी घटतं. होडी धक्क्याला लागली आणि दोर सोडायला माणूसच नाही, अशी ही स्थिती आहे. अशा पेशीचा एका क्षणाचा फोटो काढला तर ‘संपर्क भरपूर’ एवढंच दिसेल.

घरातल्या वयस्कर माणसांसाठी काही गोळी आहे का, असंही मुलं विचारतील. संपर्क सुधारून म्हातारपण थांबवणारं एकही मंजूर औषध नाही. दुकानात या नावाखाली काही मिळालं तर घेऊ नये.

आगळ, दापोली

तुमच्या साधनांत आणि चार महिन्यांत बसणारं एकच सजीव आहे, यीस्ट. पण आधी एक मर्यादा लिहून ठेवा, नाहीतर निष्कर्ष चुकतील. बेकरीच्या यीस्टमध्ये आयपी३ रिसेप्टर नाही आणि एमसीयूही नाही. वर कॅल्शियमचं जे गणित आलं ते यीस्टला लागू नाही. यीस्टमध्ये ईआर आणि मायटोकॉन्ड्रिया यांना बांधणारी जोडणी ईआरएमईएस नावाची, २००९ मध्ये सापडलेली, चार प्रथिनांची: एमएमएम१, एमडीएम१०, एमडीएम१२, एमडीएम३४. तिचं मुख्य काम मेदरेणूंची ने-आण. प्राण्यांत ही जोडणी नाही. एमएमएम१ चा दूरचा नातलग पीडीझेडडी८ तेवढा आहे. तेव्हा तुमचा प्रकल्प मेदरेणूंच्या वाटेबद्दल आणि रिक्तिकेबद्दल (व्हॅक्युओल, यीस्टमधलं लायसोसोमसारखं अंगक) बोलेल, कॅल्शियमबद्दल नाही.

मूळ वाण बीवाय४७४१ आणि त्यातलं एमडीएम३४ काढलेलं वाण, एवढे दोन पुरेत. यीस्टवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला कॉलेजच्या लेटरहेडवर विनंती करा. मूळ संग्रह जर्मनीतल्या युरोस्कार्फकडे आहे. बेकरीतलं दाणेदार यीस्ट हात बसवायला चांगलं, पण तुलनेला चालणार नाही. वाण आलं की एमडीएम३४ काढलेलं वाण जी४१८ या प्रतिजैविकाच्या प्लेटवर, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, वाढतं का बघा. मग लगेच ३ टक्के ग्लिसरॉलच्या प्लेटवर रेघा ओढा. ईआरएमईएस नसलेल्या पेशी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सहज गमावतात आणि मग ग्लिसरॉलवर वाढत नाहीत. अशा ‘पेटीट’ पेशी नकळत भरल्या तर तुम्ही संपर्काचा परिणाम न मोजता डीएनए गेल्याचा परिणाम मोजत बसाल. बीवाय४७४१ मध्येही पेटीट इतर वाणांपेक्षा जास्त येतात, तेव्हा त्याचीही प्लेट लावा. ग्लिसरॉलवर एखादी वसाहत अचानक जोमाने वाढली तर ती उचलू नका. व्हीपीएस१३ या जनुकातल्या एका बदलाने ही उणीव भरून निघते, आणि तशी वसाहत घेतली तर प्रयोगच हातचा जातो.

आयुर्मान असं मोजा. एसडीसी, म्हणजे घटक मोजून बनवलेलं कृत्रिम माध्यम, २ टक्के ग्लुकोज. हिस्टिडीन, ल्युसीन, मेथिओनीन, युरॅसिल नेहमीच्या चौपट, कारण हे वाण ते स्वतः बनवत नाही आणि कमी पडलं तर पेशी उपासमारीने मरतात. फ्लास्कचं माप माध्यमाच्या पाचपट: २५० मिलि फ्लास्कमध्ये ५० मिलि. ३० अंश, मिनिटाला २०० फेरे. तिसऱ्या दिवसाची जिवंत संख्या १०० टक्के धरायची आणि पुढे दर तीन दिवसांनी प्लेट. मिलिलिटरला साधारण १० कोटी पेशी धरल्या तर एक लाखपट पातळ करून १०० मायक्रोलिटर पसरलं की शंभरेक वसाहती येतात. ३० ते ३०० च्या बाहेरची प्लेट मोजणीत घेऊ नका.

इथे सगळ्यात जास्त फसवतं ते ॲसेटिक आम्ल. यीस्ट ग्लुकोज संपवताना ते माध्यमात सोडतं, पीएच ४ च्या खाली जातो आणि पेशी वयाने मरण्याऐवजी आम्लाने मरतात. म्हणून अर्धे फ्लास्क सायट्रेट-फॉस्फेट बफरने पीएच ६.० ला बांधून ठेवा. फरक बफरमध्ये टिकला तरच तो संपर्काचा.

आता आपल्या पावसाचं. जून-जुलैत पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टची बाटली दोनदा उघडली की ढेकूळ होतं आणि वजन चुकतं. सुरुवातीलाच लहान पुड्यांत भरून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. प्लेट ओतल्यावर दोन दिवस उलट्या ठेवून वाळवा, नाहीतर झाकणाचं पाणी पडून वसाहती एकमेकींत वाहतात. आणि लाईट. शेकर तासभर थांबला की पेशी तळाला बसतात, ऑक्सिजन कमी पडतो. प्रत्येक वेळ वहीत लिहा. दोन्ही वाणं एकाच शेकरवर ठेवा, म्हणजे खंड पडला तरी दोघांना सारखाच पडेल.

दिसणारी गोष्ट हवी असेल तर मायटोकॉन्ड्रियाचा आकार बघा. डीआयओसी६ रंग १७५ नॅनोमोलर इतकाच घ्या. जास्त घेतला तर ईआरही रंगते. मूळ वाणात बारीक दोऱ्यांचं जाळं दिसेल, एमडीएम३४ नसलेल्यात फुगलेले गोळे. हा फरक इतका ठळक असतो की पहिल्यांदा बघणाऱ्यालाही समजतो. मोजणी मात्र डबीवरचं नाव झाकून करा.

सुरंगी, रत्नागिरी

मनापासून आभार. तीन गोष्टी विचारते. वयाबरोबर रिक्तिकेची आम्लता घटते आणि त्याने मायटोकॉन्ड्रिया बिघडतात असं वाचलं. ते क्विनॅक्रिन या चमकणाऱ्या रंगाने बघता येईल का? दुसरं, थोडे नमुने मुंबईला पाठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे झाले तर इथून कसे न्यायचे? आणि संपर्कातली पटलं वेगळी काढणं आमच्या सेंट्रिफ्यूजवर जमेल का?

आगळ, दापोली

क्विनॅक्रिन जमेल. २०० मायक्रोमोलर, पीएच ७.६ चं फॉस्फेट बफर, त्यात २ टक्के ग्लुकोज, १० मिनिटं, मग धुऊन बर्फावर ठेवा आणि तासाच्या आत बघून संपवा. आम्लधर्मी रिक्तिका हिरवी चमकते. बफरमधलं ग्लुकोज विसरू नका. ग्लुकोज संपलं की रिक्तिकेचा प्रोटॉन पंप काही मिनिटांत दोन तुकड्यांत सुटतो, आणि जुन्या कल्चरमध्ये ग्लुकोज संपलेलंच असतं. ते न घालता बघितलं तर उपाशी पेशीला म्हातारी समजाल.

तुम्ही वाचलेलं काम ह्यूज आणि गॉटश्लिंग यांचं, २०१२ चं. ते वय दिवसांचं नाही, आईपेशीला किती कळ्या आल्या त्याचं आहे. आईची रिक्तिका लवकरच आम्लता गमावते, लेकीला मात्र पुन्हा आम्लधर्मी रिक्तिका मिळते. पुढे २०२० मध्ये कारणही सापडलं: रिक्तिका अमिनो आम्लं साठवू शकली नाही की सिस्टीन बाहेर साचतं आणि लोह वापरणारी मायटोकॉन्ड्रियाची यंत्रणा बिघडते. साध्या कल्चरमध्ये निम्म्या पेशी कधीच न व्यालेल्या असतात, पाव एकदा व्यालेल्या, आणि १० किंवा जास्त वेळा व्यालेली हजारात एखादी. त्या वेगळ्या काढायची सोय नसेल तर या दोन प्रकारच्या वयांची सरमिसळ करू नका.

पंचमी, वेंगुर्ले

तिसऱ्याचं आधी सांगते: जमणार नाही. पद्धत अशी आहे. ७४० जीला केंद्रकं खाली, ९,००० जीला कच्चे मायटोकॉन्ड्रिया, ते ३० टक्के परकॉलवर ९५,००० जीला अर्धा तास, मग मायटोकॉन्ड्रियाच्या वरचा पट्टा काढून पातळ करून ६,३०० जी, आणि वरचा द्रव १,००,००० जीला एक तास. पहिल्या दोन पायऱ्या तुमच्याकडे होतील, पुढच्या नाहीत. कच्च्या मायटोकॉन्ड्रियालाच ‘संपर्क पटलं’ म्हणून पुढे जाऊ नका. त्यात सुटी ईआरही भरपूर येते.

नमुन्यांचं मात्र आपल्याकडे सोपं आहे. पेशी गोळा केल्याबरोबर २.५ टक्के ग्लुटरअल्डिहाइडमध्ये टाका, मिनिटंही घालवू नका, कारण उशीर झाला की मायटोकॉन्ड्रिया फुगतात आणि फट बदलते. रात्रभर ४ अंशाला, मग बफरमध्ये. प्रवासात ते गोठता कामा नयेत. उणे २० च्या फ्रीझरमधून काढलेले जेल पॅक कुपीला टेकले तर नमुना गोठतो आणि बर्फाचे स्फटिक पटलं फाडतात. त्यापेक्षा मासळी पाठवायची थर्माकोलची पेटी घ्या आणि बर्फाचा चुरा भरा. वितळता बर्फ शून्यावर राहतो, खाली जात नाही. कुपी झाकणापर्यंत पॅराफिल्मने गुंडाळा, प्लास्टिकच्या डबीत उभी ठेवा आणि डबी चुऱ्यात रोवा. मिरकरवाडा किंवा कुठल्याही बंदरावर असा चुरा मिळतो, संध्याकाळच्या गाडीने गेलं तरी सकाळपर्यंत टिकतो.

यीस्टची भित्तिका जाड असते, रेझिन आत शिरायला वेळ लागतो. हे तिथल्या तंत्रज्ञांना आधी कळवा. फोटो आले की मायटोकॉन्ड्रियाच्या परिघापैकी किती टक्के लांबीवर ईआर ३० नॅनोमीटरच्या आत आहे ते मोजा, आणि त्यातलं १० च्या आतलं वेगळं लिहा. आठ-दहा छान फोटोंवर निष्कर्ष काढू नका. काप आडवातिडवा गेला की फट खोटी रुंद दिसते, म्हणून दोन्ही पटलं धारदार दिसत असतील तेवढेच मायटोकॉन्ड्रिया मोजणीत घ्या.

सुरंगी, रत्नागिरी

मग असं ठरवते: दोन वाणं, बफरसह आणि बफरशिवाय, प्रत्येकी तीन फ्लास्क. दिवस ३, ६, ९, १२ ला प्लेट. डीआयओसी६ दिवस ३ आणि ९ ला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला फक्त दिवस ३. क्विनॅक्रिन या वर्षी नाही.

आगळ, दापोली

एक भर घाला. दिवस ३ ला १०० टक्के धरलं की एमडीएम३४ नसलेल्या वाणातल्या ज्या पेशी त्याआधीच मेल्या त्या हिशेबातून गायब होतात. दिवस ३ ला हिमोसायटोमीटरवर एकूण पेशी मोजा आणि वसाहतींची संख्या तिच्याशी ताडून पाहा. दोन वाणांचं हे गुणोत्तर वेगळं आलं तर ते आलेखाच्या आधी, पहिल्या तक्त्यात द्या. आणि प्रत्येक वेळी तेच पातळ केलेलं कल्चर ग्लिसरॉलच्या प्लेटवरही पसरा, म्हणजे कुठल्या दिवशी किती पेटीट झाल्या हे त्याच मोजणीत मिळेल.